आतली कडी

कपाटाचं दार मी ओढलं, तर आतून कुणीतरी ते परत ओढून घेतलं.

"कोण आहे?"

"कुणी न्हाई."

हातात पेचकस, दातांत दोन स्क्रू धरलेले, आणि कपाट मला सांगतंय की आत कुणी नाही. मी पुन्हा ओढलं. या खेपेला दार बोटभर उघडलं आणि फटीतून एक डोळा दिसला. काजळ फासलेला, लालभडक.

"हणमाकाका, दार लावा की. मी आवाज करणार न्हाई."

ती तन्मयी होती. आमच्या मालिकेची नायिका म्हणा, अन्नदाती म्हणा, दुभती म्हैस म्हणा. वय आठ वर्षं. तिचं खरं नाव हे नाही आणि मालिकेचं नाव तर मी लिहिणारच नाही. नोटिशीला भीत नाही, पण लिहिलं तर लोक तिला शोधत जातील. तिला आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ शोधलंय.

कपाट होतं व्हॅनिटीतलं. नटनट्यांनी बसायची, कपडे बदलायची ती गाडी. मुंबईच्या शूटिंगला बसएवढ्या चकचकीत गाड्या असतात म्हणे. आमच्या शिंत्र्यानं, म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजरनं, बुडालेल्या सर्कशीचा राहायचा ट्रेलर मोडीच्या भावात आणला होता. त्याला इंजिन नव्हतं. ट्रॅक्टरला जोडायचा आणि आज नदीकाठी, उद्या उसाच्या फडाकडं, परवा डोंगराच्या देवळापाशी असा ओढत न्यायचा. गाडीवाटा आमच्या कोल्हापूरकडच्या. दर मुक्कामाला कपाटाची दांडी खोबणीतून उडालेली, बिजागरी उचकटलेली आणि मालिकेतल्या सासूबाईंच्या पैठण्या जमिनीवर लोळत असलेल्या. मग शिंत्र्याची बोंब, "हणम्याऽ, कपाट!"

मी सेटचा सुतार. सेटचं काम म्हणजे समोरून देवघर, मागून रिपा आणि खिळे. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच करायचं आणि शॉट संपेपर्यंत टिकेल तेवढंच ठोकायचं. माझ्या हातचं दार दोनदा उघडलं तर तिसऱ्यांदा चौकटीसकट हातात येईल, अशी आमची रीत. त्यामुळं हे कपाट मीच चार वेळा दुरुस्त केलं होतं आणि चारही वेळा ते निखळलं होतं. चूक माझीच. मी स्क्रू प्लायमध्ये मारत होतो. चालत्या गाडीत प्लाय कशालाच धरून ठेवत नाही.

पण त्या दिवशी कळलं की नुसता रस्ता दोषी नव्हता. दांडीला लोंबकळून पोरगी रोज आत शिरत होती. आणि दार आतून बंद राहावं म्हणून हेअरवालीची रिबन मुठीच्या आतल्या स्क्रूला बांधून, दोन्ही हातांनी ओढून धरत होती.

"किती वेळ झाला बसून?"

"आत्ताच बसलो." मग जीभ चावून म्हणाली, "बसले."

आमच्याकडं बायापोरी सर्रास 'आलो, गेलो, बसलो' बोलतात. ती इचलकरंजीची. पण मालिकेत ती पुण्याच्या घरातली होती, म्हणून तिची आई दिवसभर तिच्या मागं असायची. 'बसलो नाही, बसले. न्हाई नाही, नाही.'

"माझ्यापुढं बस की तुला बसायचं तसं," मी म्हणालो.

ती खुदकन हसली. पुढचा एक दात हलत होता. हसताना तिनं जिभेनं तो मागं दाबून धरला.

"दात पडायला आलाय वाटतं?"

"पाडायचा न्हाई म्हणून सांगितलंय सरांनी. कंटिन्यूटी." हा शब्द तिनं अगदी साफ म्हटला. म्हणजे कालच्या शॉटमध्ये दात दिसला, तर आजच्यातही दिसायला हवा. "हितं आत बसलो की मी हलवतो जरा. गंगाराम सांगत न्हाई कुणाला."

"कोण गंगाराम?"

तिनं लोंबणारे कपडे बाजूला सारले. कपाटाच्या मागच्या फळीवर एक चित्र चिकटवलेलं होतं. सर्कशीच्या जाहिरातीतलं अस्वल, सायकलवर बसलेलं, डोक्यावर तुर्रेदार टोपी. रंग उडालेला, पण डोळे जागेवर. कधीकाळी त्या कपाटात कुणा झुल्यावरल्या बाईचे कपडे असतील, तिनं लावलं असेल.

"हा पण शूटिंग करायचा," तन्मयी म्हणाली. "आता करत न्हाई. आता सायकलवर बसून नुसता हिंडतो."

बाहेरून तिच्या आईची हाक आली. "तनू! एऽ तनू! शॉट लागलाय!" पोरगी कपड्यांआड सरकली. माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी पोलीस आहे आणि ती चोर.

"इथं नाही ओ ताई," मी दारातून तोंड काढून ओरडलो. "मी कपाट करतोय."

पाच मिनिटांनी ती आपणहून बाहेर पडली, फ्रॉक झटकला आणि गेली. जाताना म्हणाली, "काका, आतून एक कडी लावा की."

कपाटाला आतून कडी! आजवर कुणी लावली नसेल. मी हसलो. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसल्या बसल्या माझं डोकं त्यातच अडकलं. ट्रेलरच्या लोखंडी बरगड्या कुठं आहेत ते ठोकून बघितलं, तिथं भोकं पाडली, दांडीला लोखंडी अँगलचा आधार दिला आणि नटबोल्टनं आवळली, म्हणजे उडून पोरीच्या डोक्यात पडायची नाही. बिजागऱ्या नव्या घातल्या. शेवटी एक लहान कडी आतल्या बाजूला, तिच्या हाताला येईल इतक्या उंचीवर लावली. सबंध आयुष्यात मी केलेलं ते पहिलं पक्कं काम. मी कपाटाला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. ट्रेलर हलला, कपाट हललं नाही.

दुसऱ्या दिवशी तन्मयी आत गेली. मी बाहेर रंधा मारत बसलो होतो. आतून 'खट्' असा आवाज आला. मग परत 'खट्'. उघड, लाव, उघड, लाव. मी मान वर केली नाही. पण मला जे वाटलं ते मला माझ्या पोराच्या बारशालासुद्धा वाटलं नव्हतं.

*

आता रडण्याचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

मालिका पडत होती. लोक बघायचे बंद झाले होते. चॅनेलवाल्यांनी मुंबईहून निरोप पाठवला होता की पुढच्या रविवारचा मोठा भाग चालला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा. त्या भागात काय, तर आईबाप मेलेल्या पोरीला चुलता घराबाहेर काढतो, आतून दार लावून घेतो आणि पोरगी दारावर मुठी मारत रडते. बस. ती रडली की महाराष्ट्र रडणार, महाराष्ट्र रडला की आमची चूल पेटणार. लाइटवाले, कपडेवाले, जेवणवाले, ट्रॅक्टरवाला, मी, सगळ्यांची बेरीज त्या आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत जाऊन थांबली होती.

आणि पोरीला रडू येत नव्हतं. आधी ग्लिसरीन घालायचे. ते घालून घालून डोळे सुजले, पापण्यांच्या कडेला फोड आले. डॉक्टरनं सांगितलं, आता एक थेंब घातलात तर नजर जाईल. मग कांदा चोळून झाला. आईनं पाठीत धपाटा घालून झाला. धपाटा घातला की पोरगी रडायची नाही, दगड व्हायची.

तिच्या आईबद्दल मला लई बोलता येईल, पण खरं तेवढंच बोलतो. ती राक्षसीण नव्हती. एकदा माझ्यासमोरच म्हणाली होती, "हणमंतभाऊ, दुधाचे दात आहेत तोवर हिला कोण ना कोण विचारंल. पडले की आम्हाला कुत्रं विचारणार नाही." पोरीची शाळेची पिशवी ती रोज न चुकता आणायची. पिशवीची चेन उघडलेली मात्र मी कधी बघितली नाही.

मोठ्या सीनची तालीम चालू होती. पोरीनं दारावर मुठी मारल्या, "दार उघडा ना, दार उघडा ना," म्हटलं, सगळं बरोबर. डोळे कोरडे ठाक. परत. कोरडे. परत. सगळे तिच्या तोंडाकडं बघत उभे. कुणीतरी मागून म्हणालं, "हिला रडवायला आता हिचा बापच मारायला पायजे," आणि दोघंतिघं हसले. पोरगी वळली आणि पळत सुटली.

खट्.

"तनू, दार उघड!" आई कपाट बडवायला लागली. "सगळी माणसं खोळंबलीत! लाज नाही वाटत? उघड म्हणते ना!"

शिंत्र्यानं मूठ धरून दार ओढलं. हललं नाही. त्यानं पाय लावून ओढलं. तरी हललं नाही. घामाघूम होऊन तो बाहेर आला आणि ओरडला, "कपाटाला आतून कडी? कुठल्या भाड्यानं लावली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुतार एकच होता.

"हणम्या, सामान उचल आणि चालू पड," शिंत्रे म्हणाला.

तेवढ्यात दिग्दर्शक आले. अभिराम सर. पांढरा कुडता, गळ्यात चष्मा, आवाज नेहमी बारीक. हा माणूस कधी ओरडायचा नाही. त्यांनी शिंत्र्याला हातानं गप्प केलं, आईला खाली उतरवलं आणि मला म्हणाले, "तुमचं ऐकेल ती?"

मी कपाटापाशी गेलो. "तनू, मी हाय. हणमाकाका."

"सगळे गेले?"

"गेले."

"मला रडायला येत न्हाई काका."

"नको रडूस. भाईर ये आता."

खट्. ती बाहेर आली. सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आज सुट्टी. जा, खेळ." पोरगी खरंच खेळायला गेली. आणि सर मला म्हणाले, "हणमंतराव, या. चहा घेऊ."

हणमंतराव. सेटवर मला सगळे हणम्या म्हणायचे. शिंत्रे तर त्यापुढं एक शिवीही जोडायचा. सरांनी त्यांच्या शेजारची खुर्ची पुढं ओढली. त्या खुर्चीवर सेटचा सुतार कधी बसत नाही. मी बसलो. चहा चिनी कपातून आला.

"शिंत्र्यांचं मनावर घेऊ नका. तुम्ही पोरीला जीव लावलात, चांगलं केलंत. काय करते हो ती आत बसून?"

एवढंच विचारलं. माझं काम जात होतं, ते वाचलं होतं. वर मला राव केलं होतं. मी घडाघडा बोललो. ती दांडीला लोंबकळून कशी चढते. रिबन. दात. आत गेली की 'बसलो, गेलो' कशी बोलते. आणि अस्वल. "गंगाराम म्हणती त्याला," मी हसत हसत सांगितलं. "त्याचं पण शूटिंग सुटलंय म्हणती."

सर हसले नाहीत. चहाचा कप तसाच हातात धरून ऐकत राहिले. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, पण पोरीसाठी जीव तुटतोय याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "हणमंतराव, ते कपाट आज फळ्या टाकून भरून घ्या. वरपासून खालपर्यंत. कपडे घडी करून ठेवता येतील. मागच्या बाजूलाही नवा प्लाय मारा, जुना कुजलाय."

जुना कुजला नव्हता. सुतार मी होतो.

"आणि काम पक्कं हवं. तुम्ही दांडी केलीत तसं. ओढलं तरी हलायला नको."

"आणि पोरगी सर?"

"तिला मी सांगतो."

मी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं, याची उत्तरं मी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी दिलीत. एकही पटलेलं नाही.

*

काम मी मन लावून केलं. हे कुणाला खोटं वाटेल, पण हाताला एकदा पक्क्या कामाची चव लागली की हात थांबत नाहीत. लोखंडी बरगड्यांना अँगल बसवले, अँगलवर जाड फळ्या टाकल्या आणि खालून बोल्ट मारले. फळ्या कडेला घासून गुळगुळीत केल्या, कपड्यांना कूस लागू नये म्हणून. मागच्या प्लायला सरस लावायची वेळ आली तेव्हा आधी अस्वलाच्या कडेकडेनं लावला, सायकलला लावला, टोपीला लावला. तोंड राहिलं. मग ब्रश बुडवून एकदाच तोंडावरून फिरवला, प्लाय बसवला आणि हाताच्या तळव्यानं दाबून धरला.

आतली कडी काढायची का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती राहू दिली.

खिडकीतून बाहेरचं दिसत होतं. मी लावलेलं लाकडी दार, ज्याच्यावर पोरीनं मुठी मारायच्या होत्या, ते आज नेहमीच्या जागी नव्हतं. ट्रेलरच्या पायऱ्यांपासून चार पावलांवर आणून उभं केलं होतं. दिवे लागलेले. कॅमेरा आधीच मांडलेला. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एरवी शूटिंगला बाजार असतो, त्या दिवशी देवळासारखं शांत. मला काही माहीत नव्हतं असं मी कुठं म्हणतोय?

शेवटचा बोल्ट आवळत होतो. पायऱ्यांवर तिची पावलं वाजली. मागून सरांचा बारीक आवाज, "जा बाळा, अजून वेळ आहे. बस जरा तुझ्या जागेत."

म्हणजे तिला सांगितलं नव्हतं.

ती आत आली. मला बघून हसली. तोंडाला पावडर, फाटका फ्रॉक, केस मुद्दाम विस्कटलेले. "काका, बाजूला व्हा की," म्हणाली आणि दार उघडलं.

फळ्या. फळ्यांवर घडी केलेल्या पैठण्या. वरपासून खालपर्यंत मुठीएवढी जागा नाही.

तिनं आधी कपडे ओढून खाली टाकले. मग हात लांब करून मागचा प्लाय चाचपला. कोरा.

"गंगाराम?"

मी पाना हातात धरून उभा.

"काका, गंगाराम कुठाय?"

"सरांनी सांगितलं," मी म्हणालो. हेच शब्द. याच्यापेक्षा घाण शब्द मी आयुष्यात उच्चारलेले नाहीत, आणि मी शिव्या देणारा माणूस आहे.

ती रडली नाही. तिनं मधली फळी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मग पाय उचलून तिला लोंबकळली. सगळं वजन टाकलं. दांडी अशानंच तर सुटायची, तिला माहीत होतं. फळी हलली नाही. तिनं हिसके दिले. फळी करकरलीसुद्धा नाही. मी केलेलं काम होतं ते.

हात सुटले आणि ती खाली उभी राहिली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात दारातून आईचा हात आला, दंडाला धरून ओढलं. दोन पायऱ्या, चार पावलं, दिवे.

"रोल," सर म्हणाले. इतक्या हळू, की जणू झोपलेल्या माणसाशी बोलताहेत.

मी पाना घेऊन ट्रेलरच्या दारात उभा होतो. पोरगी लाकडी दारावर मुठी मारत होती. डोळ्यांतून पाण्याचे लोट वाहत होते. नाक वाहत होतं. श्वास अडकत होता. "दार उघडा ना. दार उघडा ना." मग मुठी थांबल्या. तिनं मान वळवली. दाराकडं नाही, कॅमेऱ्याकडं नाही. माझ्याकडं. आणि म्हणाली,

"मी आवाज करणार न्हाई."

हे वाक्य कागदावर नव्हतं.

'कट' म्हटल्यावर टाळ्या पडल्या. लाइटवाल्यांचे डोळे ओले. शिंत्रे रुमालात नाक शिंकरत होता. तिची आई तिला छातीशी धरून मुके घेत होती, "माझी वाघीण गं, माझी वाघीण!" सरांनी माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. त्या दिवसापासून मी त्यांचा कायमचा सुतार झालो. मालिका वाचली, सगळ्यांच्या चुली पेटल्या. माझी पण पेटली. मी ते अन्न खाल्लं.

*

भाग लागला त्या रविवारी घरी होतो. गल्लीतल्या बाया आमच्याकडं टीव्ही बघायला जमल्या होत्या, कारण मालिकेतला माणूस म्हणजे मी. तो प्रसंग आला तशा सगळ्या पदर लावून मुसमुसायला लागल्या. माझी बायको सुभद्रा रडत रडत म्हणाली, "अवो, बगा तर. कशी बगतीया. जणू तुमच्याकडंच बगतीया."

मी उठून बाहेर गेलो.

त्या वाक्याला पुढं बक्षीस मिळालं. संवाद लिहिणाऱ्यानं मंचावर जाऊन ते घेतलं आणि खेड्यातल्या भाषेची ताकद या विषयावर चार शब्द बोलला. पोरगी पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. तिला कुणी वर बोलावलं नाही.

पण मला सांगायचंय ते बक्षिसाचं नाही. त्या रविवारनंतरच्या सोमवारचं आहे.

सोमवारी सेटवर गेलो आणि कुणाला न विचारता ट्रेलरमध्ये शिरलो. काम गेलं तर गेलं, असं ठरवूनच. बोल्ट सोडवले, अँगल काढले, फळ्या एकावर एक रचून ठेवल्या. मागचा प्लाय पटाशीनं उचकटायला लागलो. सरसानं असा घट्ट धरला होता, की तो आला तेव्हा अस्वल घेऊनच आला. फाटून. अर्धी टोपी प्लायला, एक डोळा जुन्या फळीला. चाक कुठंच नाही. मी तो डोळा भिजवून, बोटानं सपाट करून नीट बसवायला बघितला. होईना. तसाच ठेवला. कपडे परत दांडीला लावले, खाली जमीन पुसून घेतली आणि कडीला तेल सोडलं.

तन्मयी आली. नवा फ्रॉक होता. हसली तेव्हा बघितलं, पुढचा दात पडला होता आणि तिथं मेकअपवाल्यानं खोटा बसवला होता. खऱ्यापेक्षा पांढरा.

"तनू, ये," मी म्हणालो. "मोकळं केलंय तुझं कपाट. बस की आत. कोण ओरडलं तर मी बघतो."

ती कपाटापाशी आली. आत डोकावून बघितलं. तो एक डोळा तिला दिसला असणार. रचून ठेवलेल्या फळ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"फळ्या का काढल्या काका?"

"तुला बसायला."

"नको. परत लावा."

मला वाटलं रागावली आहे. मी गुडघ्यावर बसलो, तिच्याएवढा झालो. "चुकलं माझं, तनू. मी मुद्दाम..."

"तसं नाही हो काका," ती म्हणाली. 'न्हाई' नाही म्हणाली. 'नाही' म्हणाली, अगदी साफ, मालिकेत म्हणायची तसं. आणि मोठी माणसं लहानांना समजावतात त्या आवाजात मला समजावलं, "आजपण रडायचा सीन आहे. मला आता येतं रडायला. ग्लिसरीन नको, काही नको. शॉटच्या आधी मी इथं येते आणि फळी ओढून बघते. तुम्ही काढल्या तर मला रडू कसं येणार?"

बाहेरून आईची हाक आली. "तनू! तयार आहेस ना गं?"

"हो आई! काका फळ्या लावतायत!"

मी उठलो. अँगल उचलले, जुन्याच भोकांवर धरले. बोल्ट भोकात जात नव्हता. तिनं दुसऱ्या बाजूनं फळी सरळ धरली, आणि एकेक बोल्ट उचलून माझ्या हातात देत राहिली.

"घट्ट करा हं काका," ती म्हणाली. "हलायला नको."